धुराचा कण कोणत्या पट्टीने मोजायचा?



चौथीच्या वर्गात ‘लांबीचे मापन’ हा घटक घेत होते. मुलं पट्टी घेऊन पेन्सिल, खडू, खोडरबर, स्वतःची बोटं मोजत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, गाडीच्या धुराचा कण कोणत्या पट्टीने मोजतात?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्या मुलाला दमा आहे. त्याच्या दप्तरात पंप असतो. शाळा सुटताना गेटसमोर व्हॅन आणि रिक्षा इंजिन चालू ठेवूनच उभ्या असतात आणि हा मुलगा नाकावर रुमाल धरून आईची वाट बघत थांबतो. त्याच्या आईने एकदा एका व्हॅनवाल्या काकांना इंजिन बंद करायची विनंती केली होती. काकांनी पीयूसीचा कागद दाखवला. “ताई, गाडी पास आहे. धूर दिसतोय का तुम्हाला कुठे?” धूर खरंच दिसत नव्हता. आई गप्प झाली आणि शेजारी उभी असलेली मीसुद्धा.

मुलाला मी म्हटलं, “बाळा, मला नक्की माहीत नाही. वाचून सांगते.” मग वाचायला बसले. जे समजलं ते आधी वर्गात सांगितलं आणि आता तुमच्यासाठी लिहिते आहे. मुलांना करून दाखवता येतील असे चार सोपे प्रयोगही सोबत दिले आहेत.

आधी आकाराचा अंदाज घेऊ

आपल्या पट्टीवरची सर्वांत लहान खूण १ मिलिमीटरची असते. त्या १ मिलिमीटरचे १००० समान भाग केले की एक भाग म्हणजे १ मायक्रोमीटर. त्या १ मायक्रोमीटरचे पुन्हा १००० भाग केले की एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर.

माणसाच्या डोक्याचा केस साधारण ५० ते ८० मायक्रोमीटर जाड असतो. बातम्यांमध्ये आपण ‘पीएम १०’ आणि ‘पीएम २.५’ हे शब्द ऐकतो. ते म्हणजे १० आणि २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे कण. गाडीच्या सायलेन्सरमधून निघणारे बहुतेक कण यापेक्षाही खूप लहान असतात. संख्येने पाहिलं तर त्यातले बरेचसे १०० नॅनोमीटरच्या आतलेच असतात. असे १०,००० कण एका रांगेत चिकटून ठेवले तर कुठे १ मिलिमीटर भरेल!

मुलांना मी असं सांगितलं: समजा आपण १०० नॅनोमीटरचा कण फुगवून १ सेंटिमीटरचा केला, म्हणजे एखाद्या टपोऱ्या वाटाण्याएवढा. त्याच पटीत केस फुगवला, तर तो ६ मीटर जाड होईल. आणि १२५ सेंटिमीटर उंचीचा चौथीतला मुलगा होईल १२५ किलोमीटर उंच! तो पुण्यात पाय ठेवून आडवा झाला, तर डोकं साताऱ्याच्या पुढे जाईल.

आता साधा प्रश्न. हा कण भिंगातून दिसेल का? नाही. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून? तरीही नाही. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीच साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. कण त्याहून खूप लहान असला, की साध्या सूक्ष्मदर्शकाला त्याची कड पकडताच येत नाही. सकाळच्या कवडशात जी धूळ नाचताना दिसते, ती या कणांच्या मानाने दगडगोटेच समजा. म्हणून ‘धूर दिसत नाही’ म्हणजे ‘कण नाहीत’ असा अर्थ काढता येत नाही.

मुळात ‘आकार’ म्हणजे काय?

गोल गोटीचा आकार सांगणं सोपं आहे, व्यास मोजला की झालं. पण आल्याच्या तुकड्याचा व्यास किती? डिझेलच्या काजळीचं असंच आहे. इंधन पुरेशा हवेशिवाय जळलं की कार्बनचे बारीक गोळे तयार होतात, साधारण २० ते ३० नॅनोमीटरचे. ते एकमेकांना चिकटून द्राक्षाच्या घडासारखे किंवा वेड्यावाकड्या माळेसारखे दिसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेल्या फोटोंत हे घड स्पष्ट दिसतात.

दुसरा प्रकार काजळीचा नसतो. गरम धुरात इंधनाची आणि इंजिन ऑइलची वाफ असते, गंधकापासून झालेलं आम्लही असतं. धूर बाहेरच्या गार हवेत आला की ही वाफ थिजते आणि अगदी बारीक थेंब तयार होतात. चहाच्या किटलीच्या तोंडाशी वाफ दिसत नाही, थोडं पुढे गेल्यावर पांढरी दिसते, तसंच हे. हे थेंब बहुतेक ५ ते ५० नॅनोमीटरचे असतात. म्हणजे गंमत बघा, सायलेन्सरच्या आत मोजलं तर एक उत्तर येईल आणि दोन हात मागे उभं राहून मोजलं तर दुसरं! म्हणून हे मोजमाप घेताना धुरात स्वच्छ हवा किती मिसळायची, तापमान किती ठेवायचं, हे आधी ठरवून घ्यावं लागतं.

आणि वेड्यावाकड्या कणाचा आकार कसा ठरवायचा? शास्त्रज्ञ त्याचं वागणं बघतात. हवेत हा कण जसा खाली बसतो, तसाच खाली बसणारा, पाण्याइतक्या घनतेचा गोल थेंब किती मोठा असेल, ते काढतात आणि त्या थेंबाचा व्यास तो कणाचा व्यास धरतात. पीएम २.५ मधला ‘२.५’ हा असाच वागण्यावरून ठरवलेला व्यास आहे. म्हणजे इथे पट्टी नसतेच. कण काय करतो हे पाहून त्याचं माप ठरवतात.

वजन करायचं की मोजायचं?

हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे, आणि तो आपल्या गणितपेटीत आहे.

प्रयोग पहिला. गणितपेटीतला हजाराचा ठोकळा घ्या. त्याची बाजू १० सेंटिमीटर. शेजारी १ सेंटिमीटरचे सुटे ठोकळे ठेवा. मोठ्या ठोकळ्यात असे किती सुटे बसतात? १०००. म्हणजे दोन्हीचं वजन सारखं, पण संख्या एकीकडे १ आणि दुसरीकडे १०००. आता पृष्ठफळ काढायला सांगा (चौथीला मदत लागेल, पण सातवीची मुलं लगेच काढतात). मोठ्या ठोकळ्याचं ६०० चौरस सेंटिमीटर. सुट्या हजार ठोकळ्यांचं मिळून ६००० चौरस सेंटिमीटर. वजन तेवढंच, पृष्ठभाग मात्र दहापट!

धुराच्या कणांचं असंच आहे. १ मायक्रोमीटरचा एक कण आणि १०० नॅनोमीटरचे हजार कण यांचं वजन सारखंच. तराजूला दोन्ही सारखे. फुप्फुसाला मात्र सारखे नाहीत. मोठे कण बरेचसे नाकात आणि घशात अडकतात. बारीक कण पार शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. शिवाय जास्त पृष्ठभाग म्हणजे त्यावर चिकटून येणाऱ्या घातक पदार्थांनाही जास्त जागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, हेही लक्षात ठेवायला हवं.

म्हणून तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: कणांचं एकूण वजन किती, कोणत्या आकाराचे किती, आणि एकूण संख्या किती? प्रत्येक प्रश्नाला वेगळं यंत्र आहे.

वजन: गाळा आणि तोला

ही सर्वांत जुनी आणि सरळ पद्धत. गाडी फिरत्या रोलरवर उभी करून ठरावीक वेगाने चालवतात. धुरात स्वच्छ हवा मिसळून तो थंड करतात आणि त्यातला काही भाग एका गोल गाळणकागदातून ओढतात. कागदाचं वजन आधी केलेलं असतं, नंतर पुन्हा करतात. फरक म्हणजे कणांचं वजन. हा तराजू इतका नाजूक असतो की तो ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापर्यंत वजन दाखवतो. कागदाने हवेतला ओलावा शोषला तरी वजन बदलतं, म्हणून त्या खोलीचं तापमान आणि आर्द्रता सांभाळावी लागते.

पण नव्या गाड्यांचा धूर इतका स्वच्छ झाला, की कागदावर जमणारं वजन जवळजवळ चुकीच्या मर्यादेतच येऊ लागलं. किराणा दुकानाच्या काट्यावर मोहरीचा एक दाणा तोलायला ठेवण्यासारखं झालं ते. आणि वजनावरून आकार कळत नाही तो नाहीच.

आकार, पद्धत पहिली: वळणावर पकडणे

घाटात एसटी जोरात वळली की उभे प्रवासी बाहेरच्या बाजूला फेकले जातात, हो की नाही? इम्पॅक्टर नावाचं यंत्र हेच तत्त्व वापरतं. बारीक छिद्रातून हवेचा झोत एका ताटलीवर सोडतात. हवा ताटलीला वळसा घालून पुढे निघून जाते. जड कणांना मात्र इतक्या पटकन वळता येत नाही, ते ताटलीवर आपटून तिथेच चिकटतात. हलके कण हवेबरोबर पुढे जातात. पुढच्या टप्प्यावर छिद्र आणखी बारीक आणि झोत आणखी वेगवान. तिथे त्याहून लहान कण पकडले जातात. अशा ताटल्या एकाखाली एक लावल्या, की रवा, पीठ, मैदा चाळणीने वेगळे करावेत तसे कण वेगळे होतात. मग प्रत्येक ताटलीवरचं वजन करायचं.

आकार, पद्धत दुसरी: विजेची उपणणी

फार बारीक कणांसाठी मात्र दुसरी युक्ती लागते. ती समजायला खळ्यावर जाऊ.

प्रयोग दुसरा. टेबलफॅन मंद वेगावर लावा. त्याच्यासमोर एकाच उंचीवरून शेंगदाणे, शेंगांची टरफलं आणि शेंगदाण्याची लाल सालं मिसळून हळूहळू सोडा. दाणे जवळ पडतील, टरफलं थोडी लांब आणि सालं सर्वांत लांब. खडूने जमिनीवर तीन रेषा आखा. आता मुलांना विचारा, डोळे मिटून कोणत्या रेषेवर काय पडलं ते सांगता येईल का? येईल! कुठे पडलं यावरून काय पडलं ते कळतं. आजी-आजोबा खळ्यावर धान्य उपणायचे तेव्हा हेच करायचे.

शास्त्रज्ञांच्या यंत्रात शेतातल्या वाऱ्याच्या जागी वीज असते. आधी कणांना विद्युतभार देतात. मग ते एका उभ्या नळकांड्यात वरून सोडतात. नळकांड्याच्या मधोमध धातूची दांडी असते आणि तिला काही हजार व्होल्टपर्यंत विद्युतदाब देता येतो. स्वच्छ हवा वरून खाली वाहत असते. दांडी भारित कणांना आपल्याकडे ओढते, हवा मात्र त्यांना अडवते. लहान कणाला हवा कमी अडवते, म्हणून तो पटकन दांडीवर जाऊन आपटतो. मोठा कण सावकाश सरकतो आणि खाली निघून जातो. दांडीच्या तळाशी एक बारीक फट असते. बरोबर ठरावीक आकाराचे कणच त्या फटीपाशी पोचतात आणि बाहेर पडतात. विद्युतदाब बदलला, की दुसऱ्या आकाराचे कण फटीतून येतात. असा दाब हळूहळू वाढवत नेला, की १० नॅनोमीटरचे किती, ५० चे किती, १०० चे किती, असा पूर्ण आलेख मिळतो.

नट्सन आणि व्हिट्बी या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये हे तंत्र ज्या रूपात मांडलं, त्याच रूपावर आजची बरीच यंत्रं आधारलेली आहेत. अडचण एकच, पूर्ण आलेख काढायला एक-दोन मिनिटं लागतात आणि गाडीचा धूर तर पायाने ॲक्सिलरेटर दाबला की सेकंदात बदलतो. म्हणून वेगवान यंत्रंही निघाली. त्यांत फटीऐवजी नळकांड्याच्या भिंतीवर एकाखाली एक धातूच्या कड्या असतात. कोणत्या कडीवर किती विद्युतभार जमा झाला ते एकदमच मोजतात. अशी यंत्रं सेकंदाला १० वेळा आलेख देतात.

संख्या: प्रत्येक कणाला थेंबाचा अंगरखा

फटीतून बाहेर आलेला कण तरी कुठे दिसतो? मग तो मोजायचा कसा? उत्तर सुंदर आहे: कण दिसत नसेल, तर त्याला मोठा करा!

प्रयोग तिसरा. एक लिटरची पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली घ्या. त्यात चार चमचे कोमट पाणी घालून झाकण लावा आणि हलवा. बाटली दाबून सोडा. फारसं काही दिसणार नाही. आता विझवलेल्या काडीचा थोडासा धूर बाटलीत जाऊ द्या आणि लगेच झाकण लावा. जोरात दाबा, थोडं थांबा आणि एकदम सोडा. बाटलीत पांढरा ढग तयार होतो! दाबलं की नाहीसा होतो, सोडलं की पुन्हा येतो. काडी शिक्षकांनीच पेटवावी आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलांना या वेळी लांब, खिडकीजवळ बसवावं.

काय झालं? बाटली सोडल्यावर आतली हवा फुगून थंड झाली. वाफेला थिजायला आधार हवा होता, तो धुराच्या कणांनी दिला. प्रत्येक कणाभोवती थेंब जमला. न दिसणारा कण दिसणारा थेंब झाला.

स्कॉटलंडच्या जॉन एटकन यांनी १८८० च्या दशकात याच युक्तीने हवेतले कण मोजले. हवा ओलसर करून एकदम फुगवायची, तयार झालेले थेंब चौकटी आखलेल्या काचेवर पडू द्यायचे आणि भिंगातून मोजायचे. आजच्या यंत्रात पाण्याऐवजी बहुधा ब्युटेनॉल नावाच्या अल्कोहोलची वाफ असते. कण वाढून काही मायक्रोमीटरचा थेंब होतो. मग थेंब एकेक करून लेझरच्या किरणातून जातात, प्रत्येक थेंब चमकतो आणि यंत्र मोजतं: एक, दोन, तीन... गंमत म्हणजे १०० नॅनोमीटरच्या आतल्या कणांच्या एका गटाला शास्त्रज्ञ आजही एटकन यांच्या नावाने ओळखतात.

प्रयोग चौथा. आलेख कागदावर मूठभर मोहरी पसरा. सगळी मोजू नका. पाच चौकटींतले दाणे मोजून सरासरी काढा आणि एकूण चौकटींच्या संख्येने गुणा. ही झाली एटकन यांची पद्धत. सरासरी आणि गुणाकार शिकवण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

कायदा काय मोजतो?

युरोपने आधी वजनाची मर्यादा ठेवली होती. २०११ पासून डिझेल गाड्यांना संख्येचीही मर्यादा लागू झाली: १ किलोमीटरला जास्तीत जास्त ६० हजार कोटी कण. आकडा ऐकून दचकू नका, ही ‘स्वच्छ’ गाडीची मर्यादा आहे! मोजण्याआधी धूर ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला तापवून थिजलेले थेंब उडवून लावतात. उरतात ते घन कण. त्यातले साधारण २३ नॅनोमीटरच्या वरचे मोजतात. युरो ७ मध्ये ही खालची सीमा १० नॅनोमीटरवर आणली आहे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झाला. डिझेल कारसाठी वजनाची मर्यादा बीएस ४ मध्ये २५ मिलिग्रॅम होती, ती किलोमीटरला ४.५ मिलिग्रॅम झाली आणि संख्येची ६० हजार कोटींची मर्यादाही आली. नवीन मॉडेल बाजारात येण्याआधी त्याच्या अशा चाचण्या होतात. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली, १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही त्यातली एक महत्त्वाची संस्था. पुणेकर तर त्या टेकडीला एआरएआय टेकडीच म्हणतात.

ही मर्यादा पाळण्यासाठी डिझेल गाडीत सच्छिद्र भिंतींचा, मधाच्या पोळ्यासारखा फिल्टर बसवतात. तो चांगला असेल तर १०० पैकी ९९ हून अधिक घन कण अडवतो. पण त्याला तडा गेला, किंवा कुणी तो काढूनच टाकला, तर?

मग पीयूसी काय सांगते?

आता आपण त्या व्हॅनवाल्या काकांच्या कागदापाशी येतो. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुरातून प्रकाशाचा झोत सोडतात आणि धूर किती प्रकाश अडवतो ते बघतात. म्हणजे धूर किती काळा, एवढंच. काळा धूर ओकणारी गाडी त्यात पकडली जाते आणि तेवढा त्याचा उपयोग आहेच. पण १०० नॅनोमीटरच्या आतले कण प्रकाश फार कमी अडवतात. पेट्रोल आणि सीएनजी गाडीच्या पीयूसीत तर कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू मोजतात, कण मोजतच नाहीत.

म्हणजे काका खोटं बोलत नव्हते. कागदही खोटा नव्हता. फक्त आपण विचारत होतो एक आणि कागद उत्तर देत होता दुसऱ्याच प्रश्नाचं. वजनकाट्यावर उभं राहून उंची विचारण्यासारखं झालं ते.

काही देशांनी यावर उपाय केला आहे. बेल्जियममध्ये २०२२ पासून, नेदरलँड्स आणि जर्मनीत २०२३ पासून, फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांच्या नेहमीच्या तपासणीतच कण मोजतात. गाडी जागेवर चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात. १ घन सेंटिमीटर धुरात, म्हणजे आपल्या सुट्या ठोकळ्याएवढ्या जागेत, नेदरलँड्समध्ये १० लाखांहून आणि जर्मनीत अडीच लाखांहून जास्त कण निघाले तर गाडी नापास.

पालकांसाठी आणखी एक सूचना. ऑनलाइन मिळणारी हवा मोजायची छोटी यंत्रं बहुधा लेझरच्या प्रकाशावर चालतात. साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचे कण त्यांना नीट दिसत नाहीत. घरातल्या धुळीसाठी, फोडणीच्या धुरासाठी ती ठीक आहेत. पण गेटवर उभं राहून त्यात आकडा कमी दिसला, म्हणून धूर निर्धोक आहे असं समजू नका.

मग आपण काय करायचं?

आपल्याकडे ना नळकांडं आहे, ना लेझर. पण मोजणाऱ्यांनी काढलेले निष्कर्ष तर आहेत. २००२ साली लॉस एंजेलिसच्या महामार्गाजवळ केलेल्या एका मोजणीत दिसलं, की अतिसूक्ष्म कणांची संख्या रस्त्यापासून लांब जाताना झपाट्याने उतरते. वाऱ्याच्या दिशेला ३०० मीटरवर ती आसपासच्या हवेइतकीच झाली होती. हवेत मिसळून कण विरळ होतात, काही एकमेकांना चिकटून मोठे होतात. म्हणजे अंतर हे औषध आहे, आणि त्याचा सर्वांत जास्त फायदा पहिल्या काही पावलांतच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे, की २४ तासांची सरासरी १ घन सेंटिमीटर हवेत १,००० कणांच्या खाली असेल तर ती कमी समजावी आणि १०,००० च्या वर असेल तर जास्त. जर्मनीतली ‘पास’ गाडीही सायलेन्सरच्या तोंडाशी याच्या पंचवीसपट कण सोडू शकते. आणि लहान मुलाचं नाक सायलेन्सरच्या उंचीला आपल्या नाकापेक्षा जवळ असतं!

हे सगळं मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सांगितलं. व्हॅनवाल्या काकांनाही बोलावलं होतं. बाटलीतला ढग त्यांच्यासमोर केला आणि पीयूसीत काय मोजतात, काय नाही, तेही सांगितलं. कोणावर बोट दाखवलं नाही. काका म्हणाले, “मॅडम, गाडी बंद केली तर माझंच डिझेल वाचेल की. एवढं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं.”

आता आमच्याकडे दोन गोष्टी ठरल्या आहेत. गाडी उभी राहिली की इंजिन बंद. आणि मुलांची रांग गेटला लागून नाही, तर मैदानाच्या आतल्या टोकाला लिंबाच्या झाडाखाली. खर्च शून्य. रोज सगळे पाळतात असं म्हणणार नाही, आठवण करून द्यावी लागते. ती आठवण चौथीची मुलंच करून देतात.

ज्याने प्रश्न विचारला होता, त्याने परवा वहीत उत्तर लिहून आणलं: “धुराच्या कणाला पट्टी नसते. तो कसा पळतो ते बघतात आणि त्याला मोठा करून मोजतात.” मी त्याला लाल शाईने ‘छान’ लिहून दिलं. याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं.

तुमच्या शाळेच्या गेटवर काय चित्र आहे? उद्या शाळा सुटताना पाच मिनिटं उभं राहून किती गाड्या इंजिन चालू ठेवून थांबतात ते मुलांकडून मोजून घ्या, स्तंभालेख काढा आणि तो आलेख पुढच्या पालकसभेत लावा. मोजलेली गोष्ट नाकारणं कठीण जातं, हा माझा अनुभव आहे.